हेलिकॉप्टरच्या इंधन यंत्रणेची सक्तीची तपासणी : पहिल्यांदा हात लावणाऱ्यासाठी

खान्देशात हेलिकॉप्टर म्हणजे पाहुणा. निवडणूक लागली किंवा एखाद्या मोठ्या घरचं लग्न निघालं की ते येतं, शाळेच्या मैदानावर धुरळा उडवतं, लेकराबाळांची गर्दी जमवतं आणि निघून जातं. पण त्याच्या आदल्या रात्रीच रस्त्याने एक गाडी आलेली असते. गाडीत इंधनाची बॅरलं, हँडपंप, टूलबॉक्स आणि दोन माणसं. त्या दोघांतला एक मी. मूळचा भुसावळकडचा, वडील रेल्वेत, त्यामुळे घरी यंत्रांच्या गप्पा लहानपणापासूनच.

हल्ली आपल्याकडची पोरं एएमईचा, म्हणजे विमान-देखभाल अभियंत्याचा, कोर्स करून या कामात येतायत. पहिली फील्ड ड्युटी लागली की फोन येतो : "दादा, फ्युएल सिस्टिमचं मँडेटरी इन्स्पेक्शन आलंय. सुरुवात कुठून करू?" तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. हे मॅन्युअलऐवजी वापरू नका. तुमच्या मशीनचं मॅन्युअल जे सांगेल तेच खरं. कॉलेजात कुणी सांगत नाही आणि मॅन्युअलात एका ओळीत उरकलेलं असतं, तेवढंच इथे आहे.

१. 'सक्तीचं' म्हणजे काय, ते आधी वेगळं करा

हँगरमध्ये सगळ्यालाच 'मँडेटरी' म्हणायची सवय असते. प्रत्यक्षात तीन वेगळे गठ्ठे आहेत.

पहिला, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (उड्डाणयोग्यतेबद्दलचा आदेश), म्हणजे एडी. हा कायदाच. ज्या देशात डिझाइन मंजूर झालं तिथली संस्था तो काढते. एअरबस आणि लिओनार्दोच्या मशीनसाठी युरोपची ईएएसए, बेल ४०७ साठी ट्रान्सपोर्ट कॅनडा, रॉबिन्सनसाठी अमेरिकेची एफएए. आपल्याकडे अंमलबजावणी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, बघतं.

दुसरा, मेंटेनन्स मॅन्युअलच्या चौथ्या प्रकरणातल्या एअरवर्दिनेस लिमिटेशन्स. अमुक तासांनी अमुक भाग बदला, यात 'चांगला दिसतोय, चालवू अजून' असं काही नसतं.

तिसरा, आपल्या मशीनचा मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅम. तासांचे आणि महिन्यांचे ठरलेले इन्स्पेक्शन यात येतात.

निर्मात्याची सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे एसबी, यांच्या बाहेरची. तिच्यावर 'मँडेटरी' छापलेलं असलं तरी कायद्याचं बळ तिला एडीमुळे येतं. म्हणून ती बाजूला टाकायची असं नाही. ती कॅमोकडे, म्हणजे मशीन उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी असलेल्या संस्थेकडे, पाठवायची आणि लेखी उत्तर घ्यायचं. तोंडी 'बघू नंतर' चालत नाही.

२. सही कोणाची, ते विचारून घ्या

लायसन्सचा वर्ग टर्बाइन हेलिकॉप्टरवर बी१.३, पिस्टनवर बी१.४. त्यावर त्या प्रकाराचं टाइप रेटिंग, आणि तुमच्या सीएआर-१४५ (मंजूर देखभाल) संस्थेचं ऑथरायझेशन. तिन्ही हातात असतील तर सही तुमची. नसतील तर काम तुम्ही करा, सही ज्याची त्याला करू द्या, आणि तो माणूस जागेवर हजर असू द्या. इंधनाचा काटा आणि टाकीतला प्रोब यांच्या वायरिंगला हात लागणार असेल तर बी२ (विजेच्या-इलेक्ट्रॉनिक्सच्या लायसन्स) वाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी तो हमखास दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

३. एडी शेवटून नाही, सुरुवातीपासून वाचा

नवखा माणूस एडी उघडतो आणि थेट 'काय करायचं' या परिच्छेदावर उडी मारतो. आधी 'कोणाला लागू' हे वाचा. काही एडी हेलिकॉप्टरच्या सीरियल नंबरावर लागतात, काही एखाद्या पार्ट नंबरच्या पंपावर किंवा होजवर (लवचीक नळीवर). हा फरक फार मोठा आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्याकडच्या एका मशीनचा सीरियल नंबर यादीत नव्हता, म्हणून 'लागू नाही' असं लिहिलं गेलं होतं. पण त्यावरचा बूस्टर पंप मधल्या काळात दुसऱ्या मशीनवरून काढून बसवलेला, आणि एडी पंपाच्या सीरियल नंबरावर होती. लॉगबुकात त्या अदलाबदलीची एक ओळ होती, कुणी वाचली नव्हती. तेव्हापासून मी कागदावरचा नंबर मानत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन डेटा प्लेट स्वतः बघतो, मशीन थंड आणि वीज बंद असताना तिचा फोटो काढतो आणि मग 'लागू' की 'लागू नाही' ते लिहितो.

पुढे मुदत बघा. '१०० तास किंवा ६ महिने, जे आधी येईल ते' असं असेल तर खान्देशात येणाऱ्या मशीनला बहुधा महिनेच आधी येतात. निवडणुकीत धो धो उडतं आणि मग पावसाळाभर उभं राहतं. तासांवर डोळा ठेवून बसलात तर तारीख कधी उलटली ते कळत नाही. 'पुढच्या उड्डाणाआधी' असं असेल तर विषयच संपला, मशीन जिथे उभं आहे तिथेच काम.

तपासणी एकदाच की पुन्हा पुन्हा, हेही बघा. आणि एडीची आवृत्ती. जुनी रद्द होऊन तिच्या जागी नवी आलेली असते, आणि फाइलमध्ये जुन्याचीच प्रिंट असते. प्रिंटवर विसंबू नका, त्या दिवशी त्या संस्थेच्या साइटवर जाऊन बघा.

४. निघण्याआधी पेटी भरा

तालुक्याच्या गावी ओ-रिंग मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला मोटरपंपाचा रबर बसतो म्हणून लावणारे मी ऐकून आहे. तसं मेलात तरी करू नका.

कागद :
- एडी आणि तिच्यात उल्लेखलेली एसबी, दोन्हींची चालू आवृत्ती
- मेंटेनन्स मॅन्युअलची पाचवं, बारावं, अठ्ठाविसावं आणि त्र्याहत्तरावं ही प्रकरणं (मुदती, सर्व्हिसिंग, इंधन, इंजिनचं इंधन)
- टेक लॉग, एअरफ्रेम आणि इंजिनचं लॉगबुक
- नव्या पार्टचे रिलीज सर्टिफिकेट : सीए फॉर्म १, ईएएसए फॉर्म १ किंवा एफएएचा ८१३०-३
- इंधनाच्या बॅचचा कागद

सामान :
- टॉर्क रेंच, कॅलिब्रेशनची तारीख न उलटलेला
- ओ-रिंग आणि गॅस्केट, पाकिटावरची मुदत बघून
- लॉकिंग वायर आणि पक्कड
- काचेची स्वच्छ, रुंद तोंडाची बरणी
- पाणी शोधायच्या कॅप्सूल आणि सिरिंज
- स्फोटरोधक टॉर्च, आरसा
- अर्थिंगच्या केबली, ट्रे, चिंध्या (सुती), अग्निशामक

कॅप्सूलच्या डबीचं झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतल्या ओलाव्यानेच रंग बदलतो आणि तुम्ही चांगलं इंधन टाकून देता.

५. मे महिन्यातलं उन्हाचं गणित

हा भाग इंग्लंड-कॅनडात लिहिलेल्या मॅन्युअलात ठळक नसतो, कारण तिकडे तो प्रश्न येत नाही.

टर्बाइनचं इंधन एटीएफ, म्हणजे जेट ए-१, रॉकेलाचा सख्खा भाऊ. त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस. म्हणजे त्याखाली त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमत नाही. त्यामुळे 'एटीएफला पेट्रोलसारखं घाबरायचं कारण नाही' असं शिकवतात, आणि थंड देशात ते बरोबरच आहे. पण जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतलाच पारा ४४-४५ वर असतो. उन्हात उभ्या मशीनचा पत्रा त्याहून तापलेला. म्हणजे दुपारी बारा वाजता तुम्ही टाकीचं झाकण उघडता तेव्हा आत जी वाफ आहे ती पेट घेऊ शकणारी आहे. पिस्टन इंजिनचं पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, तर बारा महिने तसंच.

म्हणून :
- टाकी उघडायचं काम पहाटे पाच ते आठ. त्यानंतर कागद करा, जेवा, झोपा.
- आधी मशीनला अर्थिंग, मग बाँडिंग (मशीन आणि बॅरल-पंप केबलने एकमेकांना जोडणं), मग झाकण. हा क्रम मोडायचा नाही.
- टेरिलीनचा युनिफॉर्म नको. सुती घाला. कोरड्या हवेत स्थिर वीज फार पटकन साठते.
- मोबाइल गाडीत ठेवा.
- वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. मशीनच्या पोटाखाली वाकून काम करणाऱ्याला ती आधी गाठते. वारं कुठून आहे ते बघा.

उन्हाचा दुसरा परिणाम वजनावर. १५ अंशाला लिटरमागे साधारण ८०० ग्रॅम भरणारं इंधन ४५ अंशाला जवळपास तीन टक्क्यांनी हलकं होतं. लिटर तेवढेच, किलो कमी. काटा तपासताना ही घनता धरली नाही तर चांगल्या काट्यावर तुम्ही स्नॅग (दोष) लिहाल.

६. सॅम्पल : घाई करायची नाही अशी जागा

रात्रभर उभं राहिल्यावर, सकाळी मशीन हलवायच्या आधी ड्रेन काढा, म्हणजे टाकीच्या तळाच्या तोटीतून थोडं इंधन काढा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. आधी मशीन ढकलून सावलीत नेलंत आणि मग ड्रेन काढला तर ढवळलेलं पाणी सापडायला पुन्हा थांबावं लागतं. टर्बाइनच्या इंधनाला दर फूट उंचीमागे एक तास निवळायला द्यायचा, असा जुना नियम आहे.

बरणीत घेतलेलं इंधन उजेडासमोर धरा आणि गोल फिरवा. मधोमध भोवरा होतो, त्याच्या टोकाशी कचरा आणि थेंब गोळा होतात. इंधन 'स्वच्छ आणि चकचकीत' हवं. धुरकट दिसलं तर विरघळून न राहिलेलं पाणी किंवा हवा. हवा असेल तर दोन मिनिटांत खालून वर निवळतं, पाणी असेल तर वरून खाली. मग कॅप्सूल. पिवळा रंग हिरवट झाला की थांबायचं.

आता सापळा. एका एप्रिलमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात, एका सभेसाठी आम्ही बॅरलं घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री अवकाळी आली, वादळवारा आणि टपोऱ्या गारा. बॅरलं उभी ठेवलेली, ताडपत्री उडालेली. सकाळी हँडपंपाने पहिल्या बॅरलमधून बरणी भरली. काय सुंदर! थेंब नाही, कचरा नाही, काच दिसू नये इतकी नितळ. मी खूश होऊन पुढच्या कामाला वळलो. सोबत आमचे आबा होते, तीस वर्षं बॅरलं हाताळलेले. त्यांनी बरणी नाकाशी नेली आणि म्हणाले, "याले वासच नही, भो."

ती बरणी पूर्ण पाण्याची होती. इंधन आणि पाणी यांच्यामधली रेघ आपण शोधतो, पण सगळं पाणीच असेल तर रेघ दिसणार कुठून? तेव्हापासून बरणी आधी नाकाशी, मग डोळ्यासमोर, मग कॅप्सूल, असा माझा क्रम. शंका आली तर बरणीत ओळखीच्या पाण्याचे दोन थेंब टाका. तळाला गोळी होऊन बसले तर वर इंधन आहे. मिसळून गेले तर ते पाणीच.

पाणी गेलं कसं, तेही समजून घ्या. उभ्या बॅरलच्या झाकणावर पाऊस साचतो. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा बाहेर जाते. रात्री गार होतं आणि बुचाच्या आट्यांतून वरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून इंधनाखाली. वापरायच्या आधी उभं करून एका बाजूला लाकडाचा ठोकळा द्यायचा, पंपाची नळी वरच्या बाजूने घालायची आणि तळाचे चार बोटं इंधन सोडून द्यायचं. ते चार बोटं वाचवायला सांगणारा मालक भेटतो. त्याला बरणी दाखवा.

पाण्यासोबत दुसरं संकट बुरशीचं. पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर ती वाढते, आणि आपली उबदार हवा तिला फार मानवते. ड्रेनमध्ये शेवाळासारखी तपकिरी-काळी चिकट लस दिसली की फिल्टर जाणार हे धरून चाला. औषध आहे, पण मात्रा मॅन्युअलप्रमाणे आणि हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे केलेला. २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या गॅटविकहून उडालेल्या एका ए३२१ विमानाच्या टाक्यांत हे औषध ठरल्यापेक्षा सुमारे ३८ पट पडलेलं होतं. पीपीएमचं (दहा लाख भागांत किती, याचं) गणित चुकलं होतं. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनं अडखळली आणि विमान कसंबसं परतलं.

७. टाकी, होज आणि व्हेंट

टाकीच्या आत रबरी ब्लॅडर (पिशवी) असेल तर त्याचे हूक किंवा बटणं सुटलीत का, हाताने चाचपा. एक कोपरा खाली लोंबला की तिथे पाणी साचतं आणि ड्रेनपर्यंत येतच नाही, सकाळचं सॅम्पल मात्र रोज छान निघतं. होज डोळ्यांनी बघा आणि मॅन्युअल सांगेल तेवढंच वाकवा. क्लॅम्पखाली घासलेली जागा आरशाशिवाय दिसत नाही. सुकलेला डाग पुसून तारीख लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पुसून विसरलात तर पुरावाच पुसला.

या भागातल्या इतक्या एडी आणि बदल कशासाठी, असं वाटत असेल तर २०१५ चा अमेरिकेतल्या फ्रिस्कोचा अपघात वाचा. रुग्णसेवेचं एएस३५० पडलं, टाकी फुटली, आग लागली. धक्का सहन करणाऱ्या टाक्यांचा नियम तिकडे १९९४ चा, पण तो नव्याने डिझाइन होणाऱ्या प्रकारांना. जुन्या डिझाइनची नवी कोरी मशीनं त्यातून सुटत होती. शेवटी कायदा करून ५ एप्रिल २०२० नंतर बनणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला तो लावला.

व्हेंटकडे, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीकडे, कुणी बघत नाही. आपल्याकडे कुंभारीण माशी आहे ना, भिंतीच्या कोपऱ्यात मातीची मडकी करणारी, तिला व्हेंटची नळी म्हणजे आयतं घर. चार दिवस मशीन उभं राहिलं आणि कव्हर नव्हतं, की मातीचं बूच तयार. इंधन जाईल तशी आत हवा आली नाही तर टाकी आत ओढली जाते आणि पंप कोरडा पडायला लागतो. लाल पट्टीचं कव्हर लावा आणि उड्डाणाआधी काढलं हे मोठ्याने बोलून मोजा.

८. पंप, फिल्टर आणि काटा

फिल्टरवरचं बायपासचं लाल बटण बाहेर आलेलं दिसलं तर दाबून आत ढकलायचा मोह आवरा. ते तुम्हाला काहीतरी सांगायला बाहेर आलंय. फिल्टर काढा, बाउलमध्ये काय आहे ते पांढऱ्या कापडावर ओता. काळी माती, रबराचा चुरा, धातूची कीस, प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

पंप एकेक करून तपासा. एक चालू असताना दुसऱ्याचा दोष लपतो. लो फ्युएलचे दिवेही टाकीगणिक वेगळे तपासा. २०१३ च्या २९ नोव्हेंबरला ग्लासगोत पोलिसांचं ईसी१३५ एका बारच्या छपरावर कोसळलं, १० माणसं गेली. मुख्य टाकीत सत्तर किलोहून जास्त इंधन शिल्लक होतं. पण तिथून सप्लाय टाक्यांकडे इंधन ढकलणाऱ्या दोन्ही ट्रान्सफर पंपांचे स्विच बंद होते, आणि इंजिनं सप्लाय टाकीतूनच पितात. इशारे येऊन गेले होते. पंप नादुरुस्त नव्हते. म्हणून चाचणी संपल्यावर स्विच मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत आहेत, हे मी पॅनेलवर बोट ठेवून वाचतो. पोरं हसतात, हसू द्या.

९. रन-अप (इंजिन जमिनीवर चालवून बघणं)

लाइन उघडली होती तर हवा काढल्याशिवाय स्टार्ट नाही. रन-अपच्या वेळी कार्यकर्त्यांना दोरीमागे ठेवा, सेल्फीवाल्यांना त्याहून मागे. बंद केल्यावर प्रत्येक उघडलेला जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपा. डाग कागदावर आधी दिसतो.

१०. लिहिणं

'एडी कम्प्लाइड' एवढं लिहून सही ठोकलेल्या नोंदी मी ढिगाने बघितल्यात. पुढच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. एडी नंबर, आवृत्ती, कोणत्या परिच्छेदाप्रमाणे काम केलं, काय सापडलं, कोणता पार्ट निघाला आणि कोणता बसला (दोन्ही सीरियल नंबर), त्या वेळचे तास, तारीख, पुढची मुदत. मग सीआरएस, म्हणजे मशीन सेवेत सोडल्याचं प्रमाणपत्र. एखादी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली नसेल तर ती ओळ रिकामी ठेवा. पायलट घड्याळ दाखवेल, आयोजक फोनवर 'साहेब पोचलेत' म्हणेल. रिकामी ओळ भरायला अर्धा तास लागतो, तो मागून घ्या.

सगळं झाल्यावर ट्रेमध्ये आणि बरण्यांत दहा-पंधरा लिटर इंधन उरतं. ते टाकीत परत ओतायचं नाही, बांधावर सांडायचं नाही. 'खराब' लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये भरून परत न्यायचं. मैदान आवरताना कुणी तरी डबा घेऊन येतोच : "भाऊ, रॉकेलच ना ते? मोटरला चालेल." त्याला चहा पाजा. डबा भरून देऊ नका.